लहान चित्रपट महोत्सव : स्वरूप व लक्षणे

लहान चित्रपट महोत्सव म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी हिवाळ्यात तीन-चार दिवस भरणारा आणि आपण सर्वसमावेशक असल्याचे उद्घाटनातच जाहीर करणारा सांस्कृतिक उपक्रम. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ महोत्सव मोठा मानला जातो. पुणे फिल्म फाउंडेशनच्या साहाय्याने लातुरातही आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला आहे. जगाचा सिनेमा या भागात येतो, ही चांगलीच गोष्ट आहे. प्रस्तुत नोंद मात्र कोणत्याही एका महोत्सवाची नसून या प्रकाराची आहे.

महोत्सवाचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. ही हवा पाहुण्यांना मानवते. याच दिवसांत मुखेड-कंधारकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडावर असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास गेलेली माणसे परततात ती गुढीपाडव्याच्या आसपास. त्यामुळे स्थलांतरावरचा चित्रपट स्थलांतरितांच्या अनुपस्थितीत निर्विघ्न पार पडतो. नंतरच्या चर्चासत्रात तज्ज्ञांचे एकमत होते, कारण मतभेद नोंदवायला संबंधितांपैकी कुणी हजर नसते.

प्रेक्षकांमध्ये तरुणांना अग्रक्रम असतो आणि त्यांच्यासाठी सवलतीचे पास छापले जातात. लातूर आणि नांदेड येथे तरुण विपुल आहेत. परंतु ते ‘नीट’च्या तयारीसाठी शिकवणीत बसलेले असतात आणि सराव परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न म्हणून इराणी दिग्दर्शक माजिद मजिदी येत नाही. सवलतीचे पास मग संयोजकांच्या नातेवाइकांना देण्यात येतात. नातेवाईक सर्व वयोगटांतील असल्याने विविधतेचा निकष आपोआप पूर्ण होतो.

भाषेच्या बाबतीत हा भाग श्रीमंत आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, किनवट-माहूरकडे गोंडी, कोलामी आणि तांड्यांवर गोरमाटी ऐकू येते. नांदेड शहरात दखनी उर्दू आहे आणि हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे पंजाबीही आहे. या सर्वांची सोय व्हावी म्हणून इराणी, कोरियन आणि स्पॅनिश चित्रपटांखाली इंग्रजी उपशीर्षके दिली जातात. तेहरानच्या आजीचे दुःख देगलूरच्या आजीपर्यंत असे लंडनमार्गे पोहोचते. मराठी उपशीर्षकांची सूचना दरवर्षी येते आणि दरवर्षी तिचे मनःपूर्वक स्वागत होते.

स्त्रियांचा सहभाग लक्षणीय असतो. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांसाठी निम्म्या जागा 2011 पासून राखीव आहेत. महोत्सव याच्या पुढे जातो. रांगोळी, औक्षण, स्वागतगीत, सूत्रसंचालन आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ आणून देणे ही कामे मोजल्यास स्त्रियांचा वाटा निम्म्याहून बराच अधिक भरतो. ‘स्त्री आणि सिनेमा’ या परिसंवादाचे अध्यक्षपद पुरुषाकडे असते. एकमेव वक्त्या शेवटी बोलतात आणि वेळ संपत आल्याची चिठ्ठी प्रथम त्यांनाच मिळते.

दिव्यांगांसाठी 2016 चा हक्क कायदा आहे. शिवाय केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने 15 मार्च 2024 रोजी चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. कर्णबधिरांना संवाद आणि आवाज पडद्यावर वाचता यावेत, अंधांना दृश्याचे वर्णन ऐकता यावे, असे त्यांत सांगितले आहे. लहान महोत्सवाची पद्धत याहून सोपी आहे. एका दिव्यांग कलावंताचा सत्कार ठेवला जातो. व्यासपीठाला उतार नसल्याने चार स्वयंसेवक त्यांना खुर्चीसह उचलून वर नेतात. हे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात ‘सर्वांसाठी सिनेमा’ या मथळ्याखाली येते आणि पुढील वर्षीच्या अनुदानाच्या अर्जाला जोडले जाते.

जातीचा प्रश्न महोत्सव पडद्यावर सोडवतो. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (2013) किंवा विनोद कांबळे यांचा ‘कस्तुरी’ दाखवला की सभागृह उभे राहून टाळ्या वाजवते. ‘कस्तुरी’ ही सफाईचे काम करावे लागणाऱ्या शाळकरी मुलाची गोष्ट आहे. टाळ्या थांबल्यावर प्रेक्षक चहाला जातात आणि सभागृह झाडणाऱ्यांना प्रथमच आत प्रवेश मिळतो.

प्रवास हा शेवटचा घटक. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीचे तिकीट निम्म्या दरात मिळते. परंतु किनवट नांदेडहून सव्वाशे किलोमीटरहून दूर आहे, आणि महोत्सवाचा मुख्य चित्रपट सत्कार आटोपल्यावर, म्हणजे गाव गाठण्याची वेळ टळल्यावर सुरू होतो. अर्ध्या तिकिटात घरी पोहोचायलाही गाडी लागते. याउलट जत्रेतला तंबूतला सिनेमा स्वतःच गावाला येत असे. त्याला समावेशकतेचे धोरण नव्हते, फक्त ट्रक होता.

यावरचे उपाय सर्वज्ञात आहेत. उपशीर्षके मराठीत द्यावीत, सत्कार आवरते घ्यावेत, पडदा आणि प्रोजेक्टर घेऊन तालुक्यांना जावे, व्यासपीठाला उतार करावा आणि महोत्सव पाडव्यानंतर भरवावा. यांतील शेवटच्या उपायावर संयोजकांचा आक्षेप असतो, की लातूर-नांदेडचे ऊन पाहुण्यांना सोसणार नाही. आक्षेप रास्त आहे. तेव्हा महोत्सव पाहुण्यांसाठी आहे, एवढे एक वाक्य निमंत्रणपत्रिकेवर छापावे, म्हणजे बाकीच्यांचा गैरसमज होणार नाही.