अहो, बचत गटात अपहार!

अहो, ऐकलंत का? नाही ना? वाटलंच मला, तुमच्या घरात रेंज कधी धड येत नाही. या जरा कुंपणाशी, मोठ्यानं नको बोलायला. आमच्या बचत गटात अपहार झाला म्हणे! दचकू नका हो. पैसा जागच्या जागी आहे, नुसती अक्षरं घसरली.

पावसाळ्यात दाभोशाचा धबधबा बघायला माणसं लोटतात आणि जाता जाता आपल्या जव्हारच्या शिरपामाळवर फोटो काढतात, ते काय तुम्हाला सांगायला हवं? त्यांच्यासाठी नागलीची भाकरी, ठेचा, चहा असा स्टॉल टाकायचं आमच्या बायकांनी ठरवलं. अध्यक्षीणबाईंनी हौसेनं जाहिरात लिहिली, फोनवरच. ‘पर्यटकांसाठी महिला बचत गटातर्फे उत्तम अपहाराची सोय.’ आणि खाली संपर्क म्हणून कुणाचं नाव? खजिनदारीणबाईंचं!

तासाभरात ती जाहिरात पार मोखाड्यापर्यंत फिरून आली. कुणी अंगठा दाखवतंय, कुणी ती लोळून हसणारी तोंडं टाकतंय. खजिनदारीणबाईंच्या सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि सुनेकडे अशा बघायला लागल्या की... जाऊ दे. सून बिचारी पासबुक घेऊन घरोघरी फिरली. ‘बघा, रुपया न् रुपया जमा आहे!’ जिला ठाऊकही नव्हतं तिलाही त्यामुळे कळलं.

मग दुरुस्ती आली. ‘उपहाराची सोय’. लगेच कोपऱ्यावरच्या काकूंनी विचारलं, भेट काय देणार आहात, साडी की डबा? तेव्हा आपले निवृत्त गुरुजी उतरले मैदानात. त्यांनी लिहिलं, ‘खातात तो उपाहार, देतात तो उपहार आणि गिळतात तो अपहार.’ अध्यक्षीणबाईंचा चेहरा हा एवढासा झाला. त्यानंतर ग्रुपवर त्या नुसते हात जोडून दाखवतात, अक्षर म्हणून टाइप करत नाहीत.

गुरुजींना काय, तेवढंच निमित्त हवं असतं. घरी चहाला आले की सुरू. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांना १९६२ साली सरकारची मान्यता मिळाली, तेव्हा ते चौदा होते. १९७२ साली आणखी चार आले, एकूण अठरा. तरी लोक पाळत नाहीत म्हणून त्यांना झोप लागत नाही. मी म्हटलं, गुरुजी, आम्हाला चौदाच पाठ होईनात, त्यात तुमचे आणखी चार! चहा तसाच ठेवून उठले हो.

तर काय सांगत होते... हां, शिरपामाळ. सुरतेवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारच्या राजांनी, विक्रमशहा मुकण्यांनी, त्यांना मानाचा शिरपेच दिला, तेव्हापासून हे नाव, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. १६६४च्या जानेवारीतली सुरतेची लूट. आता फोटो काढणारे काय लिहितात? ‘शीरपामाळ’! अहो, शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्ताची. महाराजांच्या शिरपेचाची गोष्ट सांगता सांगता एकदम डॉक्टरकडे नेऊन बसवलं! खाली आणखी ‘सुरतेची लुट’. गुरुजी म्हणतात, लूट दीर्घ, पण लुटीत म्हटलं की ऱ्हस्व. फूल दीर्घ, फुलाला ऱ्हस्व. हे मात्र मला पटलं. बोलून बघा, जीभ आपोआप आखडते.

आणि जव्हारचं तर विचारूच नका. इंग्रजी अक्षरांत गाव टाकलं की फोन खुशाल ‘जवाहर’ करून देतो. कुणी ठाण्याची पाहुणी ‘जवाहरला पोचलो’ असं स्टेटस ठेवते आणि तिची नणंद विचारते, कुठल्या जवाहरकडे गं?

पण सगळ्यात बहार आली ती त्या रफाराची. बोहाड्याच्या जेवणावळीनंतर एकानं लिहिलं, ‘आचार्यांनी भात करपवला.’ आता आपल्याकडे आचार्य म्हणवून घेणारे एक कीर्तनकार आहेत, ते ग्रुपवर! त्यांनी आयुष्यात चुलीवर आधण ठेवलेलं नाही. त्यांनी लिहिलं, ‘मी त्या दिवशी नाशिकला होतो.’ बाई गं! आता सांगा, दोष कुणाचा? लिहायचं होतं ‘आचाऱ्यांनी’. तो मधला ऱ फोनवर वेगळा शोधावा लागतो, बटण दाबून धरलं तर कुठे वर येतो. कोण शोधतंय? दऱ्या लिहायला गेलं की दर्या होतो, मग जव्हारच्या डोंगरात समुद्र. माणसाला येत असूनही हाताला सापडत नाही, हे गुरुजी काही मानायला तयार नाहीत. ‘आळस’ म्हणतात. मला नाही पटत.

थांबा, कुकरची शिट्टी झाली का? नाही, तुमच्याकडची असेल. तर...

नऊ ऑगस्टला मात्र कुणी हसलं नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ साली ठरवलेला तो आदिवासींचा दिवस, आपल्याकडे केवढी मिरवणूक निघते, तारपा, ढोल, नाच. आणि कुणीतरी शुभेच्छांचं चित्र केलं, रंगीत, वारली नक्षीची किनार, मध्ये ठळक अक्षरांत, ‘जागतिक आदिवासी दीन’. लोकांनी न वाचताच पुढे ढकललं. मीही ढकलणार होते. तेवढ्यात आमच्याकडे शिवण शिकायला येते ना ती पाड्यावरची मुलगी, कॉलेजात आहे ती, तिनं फोन पुढे केला. म्हणाली, ‘मावशी, दीन म्हणजे काय हो? बिचारा, ना?’ आवाज वर नाही, काही नाही. ज्यानं केलं होतं तो पोरगा तिथेच काज करत बसला होता, त्याची सुई थांबली. कानापर्यंत लाल! एक वेलांटी, पण ती फुकट जात नाही हो. सुर्यमाळ लिहिलंत तरी मोखाड्याची बस सूर्यमाळलाच नेते. हे मात्र तसलं नव्हे.

आणि गंमत ऐका. त्याच मुलीनं त्याच दिवशी तिच्या वारली बोलीत स्टेटस लिहिलं, आजीबद्दल काहीतरी, चार ओळी. गुरुजींनी लागलीच लाल खुणा करून पाठवलं. तिनं उत्तर दिलं, ‘गुरुजी, हे चुकलेलं नाही, आमच्याकडे असंच बोलतात.’ गुरुजी किती तरी वेळ ‘टायपिंग’ दिसत होते. आलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तिला म्हणे गाठून विचारलं, त्या ओळीतल्या एका शब्दाचा अर्थ काय गं? माझ्या मते गुरुजींनी त्या अठरा नियमांच्या वर केलेलं हे सगळ्यात चांगलं काम. त्यांना सांगू नका.

बरं, ज्यासाठी तुम्हाला बोलावलं ते राहिलंच. तुमच्या सत्यनारायणाचं आमंत्रण आलं हो ग्रुपवर, छान आहे, फक्त ‘तिर्थप्रसाद’ झालंय. ती दीर्घ. गुरुजी आत्ता देवळात गेलेत, यायच्या आत डिलीट करा. आणि नीट बघून ‘सर्वांसाठी डिलीट’ दाबा, नाहीतर फक्त तुमच्याच फोनवरून जातं.