डाएटला चालते हो!

काय सांगायचं, दारू चक्क सोवळ्यात आली! पूर्वी लोक प्यायचे आणि घरी शिरण्याआधी तोंडात वेलदोडा टाकायचे. तेवढी तरी भीड होती. आता हातात ग्लास धरून वर तोंड करून सांगतात, "ही डाएटला चालते. झीरो कार्ब!" उपासाला साबुदाणा चालतो ना, अगदी त्याच ठसक्यात. भाताचं नाव काढायचं नाही, पोळी तर शिवायचीच नाही, व्हिस्की मात्र चालते. कुठल्या शास्त्रात लिहिलंय म्हणाल, तर लिहिलंय बरं का! 1964 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या रॉबर्ट कॅमेरॉननं 'द ड्रिंकिंग मॅन्स डाएट' नावाची एक डॉलरची पुस्तिका काढली. कर्बोदकं तेवढी मोजा, बाकी स्टेक खा, मार्टिनी प्या आणि बारीक व्हा. वीस लाखांवर प्रती खपल्या! आपल्या कीटोवाल्यांना वाटतं, शोध आपणच लावला. तिकडचे आजोबा हे सगळं करून मोकळे झालेत.

परवा एका परमिट रूमच्या फॅमिली सेक्शनमध्ये शेजारच्या टेबलावर असेच एक व्रतस्थ बसले होते. वेटरला फर्मान सुटलं, "व्होडका, लार्ज. साधा सोडा. लिंबू पिळ, पण साखर नको. स्प्राइट टेबलावर आणूसुद्धा नकोस." काय तो निग्रह! लगेच मोबाइलच्या ॲपमध्ये नोंद: कर्बोदकं शून्य. दुसऱ्या लार्जबरोबर मसाला पापड आला, मग चणा कोळीवाडा ("प्रोटीन असतं त्यात"). तिसऱ्याला चिकन लॉलीपॉपची प्लेट आली आणि ॲपमधली नोंद जी थांबली ती थांबलीच. बिल ठेवताना वेटर अगदी निर्विकार चेहऱ्यानं म्हणाला, "साहेब, बडीशेपेत खडीसाखर आहे. चालेल?"

खोटं कशाला बोला, साध्या व्हिस्की-व्होडकात कर्बोदकं नसतातच. पण बाटलीवर 42.8 टक्के असं छापलेलं असतं, ते कुणी वाचायचं? 60 मिलीच्या लार्जमध्ये सुमारे 20 ग्रॅम अल्कोहोल जातं. ग्रॅमला 7 कॅलरी; साखरेला 4, तुपाला 9. म्हणजे तूप नको म्हणणारा माणूस तुपाच्या शेजारच्या घरात जाऊन बसला! लार्जच्या 140 कॅलरी धरा. तीन लार्जमध्ये चार-पाच पोळ्या सहज झाल्या, त्याही चटणीशिवाय.

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. अल्कोहोल साठवून ठेवायला शरीरात जागा नाही, वर ते विषारी. त्यामुळे यकृत हातातली कामं टाकून आधी त्याच्या मागे लागतं. त्याचं ॲसिटाल्डिहाइड करतं, मग ॲसिटेट करतं. शरीर ते ॲसिटेट जाळत बसतं आणि चरबीचं काम पडून राहतं. यकृताचा वेग तासाला जेमतेम एक स्मॉल. तीन लार्ज रिचवून झोपलात, तर पहाटेपर्यंत लॉलीपॉपच्या तेलाकडे बघायला कुणाला सवड नाही. ते आपलं पोटावर मुक्काम ठोकतं. त्यातून झोप मोडकीतोडकी लागते आणि सकाळची जिम बुडते, ते वेगळंच.

"पण अंग कसं गरम होतं! मेटाबॉलिझम वाढतो ना?" अहो, कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात म्हणून ऊब वाटते. उलट आतली उष्णता बाहेर पळते. आणि सकाळी वजनकाट्यावर उभं राहून "बघा, अर्धा किलो उतरलो!" म्हणणारे तर धन्य. दारूनं लघवी वाढते, गेलं ते पाणी. दोन तांबे पाणी प्यायलात की अर्धा किलो घरी परत.

बिअरवाल्यांना इथे उगाच नावं ठेवतात. 330 मिलीची साधी पाइंटही साधारण 140 कॅलरींचीच. भांडण मिटलं!

गटारी उरकून श्रावण पाळणाऱ्यांचं मला भारी कौतुक. महिन्याभरात पँट सैल होते आणि श्रेय राजगिऱ्याच्या लाडवाला! रोजचे दोन लार्ज बंद झाले, म्हणजे दिवसाच्या 280 कॅलरी वाचल्या, वर चखणाही सुटला. पण त्याचं नाव कुणी घेत नाही.

पिणाऱ्यांनी खुशाल प्यावी, आम्ही कोण अडवणार? फक्त एक उद्योग करू नका: 'कॅलरी वाचवू' म्हणून जेवण टाळून रिकाम्या पोटी पिणं. रक्तातली साखर घटली की यकृत नवी साखर तयार करून देतं. दारू नेमकं तेच काम अडवते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेत असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. साखर एकदम उतरली की माणूस अडखळतो, बरळतो, आणि टेबलावरची मंडळी म्हणतात, "याला आज जरा जास्त झाली."