तुले एक, मले एक

आमच्या आणि ताईच्या घरामध्ये कंपाउंडची एकच भिंत आहे, तीही कमरेएवढी. बांधणाऱ्याने विटा वाचवल्या की आमची सोय पाहिली, देव जाणे. ताई आमच्या शिरपुरातल्याच एका अंगणवाडीत सेविका आहे. संध्याकाळी ती दोरीवरचे कपडे काढायला येते, मी काहीतरी निवडायला घेऊन बसते, आणि मग कपडेही राहतात अन् निवडणंही राहतं.

परवा माझ्या पुढ्यात सूपभर ओल्या तुरीच्या शेंगा होत्या. शेजारी नातू, वय साडेतीन.

"काय काकू, तुरीच्या दाण्यांचा बेत वाटतं?"

"बेत कसला! सूनबाई सकाळपासून धुसफुसतेय, म्हणून अंगणात येऊन बसले. तिच्या बहिणीचा मुलगा धुळ्याला नर्सरीत जातो, याच्याएवढाच. काल फोनवर एबीसीडी म्हणून दाखवली, वरून वन टू हंड्रेड. आणि आमचं हे ध्यान! जूनपासून तुझ्याकडे येतंय, अजून 'अ' काढता येत नाही. राग मानू नकोस हो, पण तुम्ही करता काय गं दिवसभर? बघावं तेव्हा पोरं मातीत नाहीतर पाण्यात."

ताई हसली. हातातली चादर तशीच भिंतीवर टाकली. म्हणजे आता अर्धा तास नक्की.

"पाण्यात काय करतात ते बघितलंत का कधी? एका पेल्यातलं पाणी दुसऱ्या पेल्यात ओततात. जूनमध्ये निम्मं फरशीवर जायचं. दिवाळीपर्यंत चमचाभर. आता थेंब सांडत नाही. मनगट कुठे थांबवायचं ते हाताला कळलं ना! उद्या 'अ'ची उभी रेघ ओढताना तेच मनगट थांबायचंय. मणी ओवणं, कागद फाडणं, माती मळणं, सगळी बोटांची तालीम. पैलवानाला आखाड्यात गेल्याबरोबर कुस्ती लावतात का? आधी जोर-बैठका."

"पण तक्ता तरी शिकवायचा. अ अननसाचा."

"शिकवला की! सगळी पोरं एका सुरात म्हणाली, 'मक्कानं कणीस!' आता सांगा, आपल्याकडे अननस कोणाच्या शेतात पिकतं? मी तक्ता गुंडाळला आणि कापसाचं बोंड आणून हातात दिलं. सरकी काढली, कापूस पिंजला, फुंकर मारून उडवला. 'क' कापसाचा कोणाला घोकून घ्यावा लागला नाही."

खरं सांगते, इथवर मला पटलं नव्हतं. मी विषय बदलला. "आणि तो चावरा? अजून येतो?"

चावरा म्हणजे आमच्या गल्लीत पावसाळाभर गाजलेलं प्रकरण. सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेलं पावरा कुटुंब, बाप इथे बांधकामावर. पोरगं तीन वर्षांचं. पहिल्याच आठवड्यात तिघांना चावलं. एकीची आई लेकीच्या दंडावरचे दात मोजून दाखवत दारोदार फिरली होती. मीसुद्धा ताईला म्हटलं होतं, नाव कमी कर त्याचं.

"येतो म्हणजे काय, सगळ्यांच्या आधी येतो," ताई म्हणाली. "तुम्ही सगळ्या 'चावतो, चावतो' म्हणत होतात. मी बघत बसले, कधी चावतो. झोपेला आलेला नसतो, भुकेला नसतो. दुसऱ्याच्या हातात चेंडू असला की चावतो. त्याला 'मला दे' म्हणायचं असायचं हो! पण घरी बोलतात पावरी, आणि आमच्याकडे अर्धी अहिराणी, अर्धी पुस्तकातली मराठी. शब्द सापडला नाही की दात पुढे. त्याच्या आईकडून वहीत दहा-बारा शब्द लिहून घेतले. दे, माझी पाळी, दुखतंय, घरी जायचंय. मी बोलायला लागले की माझे उच्चार ऐकून खदाखदा हसायचा. तो हसायला लागला आणि चावणं गेलं."

"माय वं!" मी म्हटलं. मनातल्या मनात ते 'नाव कमी कर' परत घेतलं.

"मग आमच्या मदतनीस मावशींनी त्याला जेवणाच्या ताटल्या वाटायला दिल्या. पहिल्या दिवशी एकापुढे दोन, एकीपुढे काहीच नाही. तिने भोकाड पसरलं. हा गोंधळला, परत गेला, एक घेऊन आला. आता आधी सगळ्यांची डोकी बघतो, मग ताटल्या उचलतो. काकू, गणित हेच. शंभरपर्यंत म्हणणं हे गाणं झालं. धुळ्याच्या त्या पठ्ठ्याला म्हणावं, घरातल्या माणसांना पुरतील एवढे चमचे आण. बघा किती आणतो ते."

"हे तुला शिकवलं कोणी?"

"आमच्या प्रशिक्षणात ताराबाई मोडकांचं सांगितलं होतं. १९४५ साली बोर्डीला त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी केंद्र काढलं, अनुताई वाघ जोडीला होत्या. पुढे १९५७ ला कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वस्त्यांतली पोरं शाळेत येईनात. कोणी गुरांमागे, कोणी धाकट्या भावंडाला काखोटीला मारून. मग यांनी शाळाच उचलली आणि त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरं चरतात तिथे नेली, ती कुरणशाळा. सरकारची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, पण नाव या बायांच्या कामातून आलेलं. पोरगं जिथे आहे तिथे आपण जायचं, मग ते अंगण असो नाहीतर पावरी भाषा."

"आणि फोनमध्ये काय भरत असतेस सारखी?"

"पोषण ट्रॅकर! वजन, उंची, हजेरी, सगळं त्यात. पोरगं काट्यावर उभं राहतं तेव्हा रेंज नसते, आणि रेंज येते तोवर पोरगं काट्यावरून पळालेलं असतं. शिवाय गृहभेटी, गरोदर बायांच्या नोंदी, लसीकरणाचे दिवस. आणि याचा मिळतो तो पगार नव्हे हं, मानधन. मान पुष्कळ आहे."

यावर मला बोलायला तोंड नव्हतं. २०२३ च्या डिसेंबरात या सगळ्या बाया संपावर गेल्या, तेव्हा माझी थोरली नात तिच्याकडे होती. अंगणवाडीला कुलूप, पोरगी घरात. जानेवारी उजाडेपर्यंत तिने आमची एक भिंत रंगवली, गव्हाच्या पिठात तुरीची डाळ कालवली आणि माझा चष्मा हौदात टाकला. एका पोरीने मला रडकुंडीला आणलं होतं. ताईकडे पंचवीस असतात.

"तरीपण," माझी जीभ काही गप्प बसेना, "सूनबाईला काय सांगू? 'अ' कधी येईल?"

"येईल हो. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणातसुद्धा तीन ते आठ वर्षं हा पायाचा एकच टप्पा धरलाय. 'अ' कुठे पळून जात नाही. तुम्ही जरा याच्या हाताकडे बघा."

मी बघितलं. इतका वेळ दोघींच्या गप्पा चालल्या होत्या आणि आमचं ध्यान मान खाली घालून शेंगा सोलत होतं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत शेंगेचं टोक धरायचं, शिरेवर दाबायचं, फट पडली की नखाने दाणा उडवायचा. माझ्याहून हळू, पण एकही दाणा ठेचलेला नाही. उद्या पेन्सिल धरायची ती याच चिमटीत.

सोलायचा कंटाळा आला तसा त्याने उरलेल्या शेंगांची वाटणी काढली. एक माझ्या पदरात, एक स्वतःपुढे. "तुले एक, मले एक." मग भिंतीवरच्या चादरीकडे बघितलं आणि तिसरा वाटा मांडला, ताईचा. सगळे वाटे पुन्हा पहिल्यापासून लावले. शेवटी एक शेंग उरली. तिघांकडे आळीपाळीने पाहिलं, डोकं खाजवलं, आणि उठून ती ताईच्या शेळीला देऊन आला.

मी सूप उचललं. आत जाऊन सुनेला म्हटलं, धुळ्याला फोन लाव. चमचे आणायला सांगायचेत.