जावईबापू तंबूत झोपतात

हेल्स्टन, कॉर्नवॉल

ती. आई आणि ती. बाबांस,


परवा फोनवर अर्धवट ऐकून आजीचा समज झाला की जावयाला मी घराबाहेर काढलं. तसं काही नाही, ते आपणहून गेले. बाबा फोन स्पीकरवर ठेवतात आणि ओट्यावरच्या सगळ्या मंडळींनी ते ऐकलेलं आहे, म्हणून खुलासा लेखी करते. तोही ओट्यावरच वाचून दाखवावा.

आमच्या समोर एक खलाशी राहतो. खलाशी म्हटल्यावर दाढी, पाइप, खांद्यावर पोपट असं काही डोळ्यांपुढे आणू नका. पंचविशीतलं पोरगं आहे, गावाबाहेरच्या कल्ड्रोझच्या नौदल तळावर हेलिकॉप्टरं दुरुस्त करतं. हा तळ चांगला कोरड्या जमिनीवर आहे, पण कागदोपत्री ते जहाज, नाव एचएमएस सीहॉक. संध्याकाळी फाटकाबाहेर पडताना ही माणसं ‘किनाऱ्यावर चाललो’ म्हणतात आणि बस पकडतात.

तर या पोरानं ठरवलं की आठवडाभर रात्री मैदानात तंबू ठोकून झोपायचं, त्याबद्दल लोकांनी पैसे द्यायचे आणि ते भूकंप-पुरात घर गेलेल्यांना पाठवायचे. इथली ही रीतच आहे. नुसते पैसे मागायला यांना संकोच वाटतो, म्हणून आधी स्वतःच्या जिवाला काहीतरी त्रास करून घेतात. कुणी डोकं भादरतं, कुणी टबभर थंडगार बीन्सच्या उसळीत जाऊन बसतं. आपल्याकडे नवस पावला की मग लोटांगण घालतात, इथं लोटांगण आधी आणि दान मागून. तुमच्या नातवाच्या शाळेत तासभर गप्प बसण्याचे पैसे गोळा केले. मी पदरचे दोन पौंड दिले आणि वेळ वाढवून मिळेल का, असं बाईंना विचारलं.

खलाशी वर्गणीचा कागद घेऊन आला. बाबा, तुमच्या नावावर पाच पौंड लिहिले आहेत. पत्त्यात ‘मारुतीच्या देवळाजवळ, औसा’ असं लिहिल्यावर तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत होता. कागदावर एक चौकट असते. इथं आयकर भरणाऱ्यानं तिच्यात खूण केली की सरकार दर पौंडामागे पंचवीस पेन्स आपल्या तिजोरीतून संस्थेला देतं. सरकार देतं, घेत नाही, हे बाबांना दोनदा वाचून दाखवा. तुम्ही इथं कर भरत नाही, सबब तुमची चौकट कोरी.

संस्थेचं नाव शेल्टरबॉक्स. जन्म आमच्याच गावचा. २००० साली हेल्स्टन-लिझर्डच्या रोटरी क्लबनं ती काढली, आणि कल्पना टॉम हेंडरसन या नौदलातल्या जुन्या पाणबुड्याची. एक मोठी हिरवी प्लॅस्टिकची पेटी. तिच्यात एका कुटुंबाचा तंबू, पांघरुणं, मच्छरदाण्या, चूल, भांडीकुंडी, पाणी शुद्ध करायची सोय, हातोडी-फावड्यासारखी अवजारं, पोरांना रंगाच्या पेन्सिली. म्हणजे आई, मुलीला संसाराला लावून देताना तू जे देतेस, त्यातली नऊवारी आणि रुखवत वजा करून उरलेलं सगळं. पेटी रिकामी झाली तरी वाया जात नाही, तिच्यात पाणी भरून ठेवता येतं. आता बऱ्याच ठिकाणी पेटीऐवजी ताडपत्र्या, दोर, खिळे आणि अवजारं देतात. लोकांना तंबूपेक्षा आपलं मोडकं घर सावरायचं असतं, हे त्यांच्या लक्षात आलं म्हणे. औशाला विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं.

आणि हे ऐका. या पेट्यांची सगळ्यात पहिली खेप गेली कुठं? आपल्याकडे! २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर १४३ पेट्या गुजरातला गेल्या. त्याच भूकंपानंतर, आपल्याकडचा भूकंप सोसलेल्या किल्लारीकडच्या बाया कच्छात गेल्या होत्या, घरं पुन्हा कशी उभी करायची याचा आपला अनुभव तिथल्या बायांना सांगायला. हे मी खलाशाला सांगितलं. त्यानं मला चहा दिला, दूध घालून, साखर न घालता. भावना पोचल्या.

आता जावईबापू. एक रात्र कुणीतरी सोबतीला हवं होतं. यांनी हात वर केला, कारण तेव्हा ऊन होतं. नियम असा की पेटीतलं सोडून दुसरं काही वापरायचं नाही. तरी यांनी कानटोपी, दोन स्वेटर आणि तुझी शेंगदाण्याची चटणी अंगावर वाटून लपवली. खलाशानं दहा मिनिटांत दोर ताणून गाठी मारल्या. यांनी तेवढ्या वेळात एक खुंटी ठोकली, तीही वाकडी.

इथला पाऊस पडत नाही, हवेत नुसता लोंबकळतो. वारा थेट अटलांटिकवरून येतो, मध्ये अडवायला काही नाही. रात्रभर कापड फडफडत होतं. आतून श्वासाची वाफ छताला धरून थेंब थेंब गळत होती आणि नेमकी यांच्या कपाळावर. खलाशी पडल्या पडल्या घोरायला लागला. जहाजावर पहाऱ्याच्या पाळ्या असतात, मिळेल तेवढ्यात झोपायची त्यांना सवय असते. यांची सवय अशी की उशी बदलली तरी पित्त होतं. मध्यरात्री एक आजीबाई कुत्रं फिरवत आल्या, डब्यात नाणी टाकली आणि बिचाऱ्यांना गरम पाण्याची पिशवी देऊ केली. खलाशी जागा होऊन ‘नियमात बसत नाही’ म्हणाला. यांनी नंतर मला सांगितलं की आयुष्यात इतका राग त्यांना कुणाचा आला नव्हता. पहाटे बाहेर येऊन बटाट्याची गरम, करंजीसारखी पेस्टी हातात घेतली, तर सीगल झडप घालून ती घेऊन गेला. आमच्याकडचे सीगल आपल्या देवळांतल्या माकडांना क्लास लावून शिकवतील.

फोनवर आजी जे म्हणाली तेही मी खलाशाला सांगितलं. ‘किल्लारीच्या वक्ताला आमी म्हैनोन्‌म्हैने अंगणात झोपलाव, आमाला कुणी दमडी दिली न्हाई.’ त्याला तारीख सांगितली, ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून माणसं गाढ झोपलेली, पहाटे चारच्या आत जमीन हलली आणि दगड-मातीची माळवदं अंगावर आली. आपल्या घराला नुसती चीर पडली, तरी आजी पुढे कितीतरी दिवस उशाशी भांड्यांची उतरंड रचून झोपायची, वाजली की पळायचं म्हणून. तो ऐकत राहिला. मग वर्गणीच्या कागदावर आजीचं नाव लिहायला जागा आहे का बघितली आणि तिच्या नावापुढे स्वतःच्या खिशातून दहा पौंड भरले. तर आजीला सांगा, अंगणात झोपल्याचे पैसे आले. जरा उशिरा आले, आणि तिच्या हातात न येता दुसऱ्या कुणाच्या तंबूत जातील.

जावईबापूंचं नाक अजून गळतंय, पण ऑफिसात रुबाब वाढलाय. पुढच्या वर्षी दोन रात्री म्हणतात. मी आत्ताच वर्गणी जाहीर केली आहे.

एक शेवटचं. कुठं पूर आला की तुमच्या भजनी मंडळात जुन्या साड्यांची बोचकी बांधतात, ती बांधू नका. तिथं ती निवडत कुणी बसत नाही, चिखलात पडून राहतात. असतील तर रोख पैसे द्या, आणि पावती घ्या.

तुमची,
धाकटी

ता. क. चटणी संपली. पार्सलात पाठवाल तेव्हा कागदावर स्पष्ट ‘चटणी’ लिहा, मागच्या खेपेला कस्टमवाल्यांनी पिशवी फोडून बघितली होती.