जुन्या सेटचे दादा

सदाशिव पेठेतल्या बहुतेक अभ्यासिकांत सीएच्या मुलांचा एक दादा असतो. त्यांचं वय विचारायचं नसतं, कितवा अटेम्प्ट हे तर मुळीच नाही. नव्या पोराने "इंटरला कोणाचं मटेरियल घेऊ?" असं नुसतं पुटपुटलं, तरी दादा डबा मिटून वळतात. "आधी बजेट सांग."

मग वरात आप्पा बळवंत चौकात. जुनं पुस्तक दादा आधी बाजूने बघतात. पहिली शंभर पानं मळकी, पुढची पांढरीशुभ्र. "याने दिवाळीनंतर नाद सोडला. असं घ्यावं, पुढचं सगळं नवंकोरं मिळतं." मग छापील किंमत, त्यातून घसारा, वजा पेनाच्या खुणा. विक्रेता कंटाळून सांगेल तो भाव मान्य करतो. हाच हिशेब त्यांनी पेपरात मांडला असता तर... पण जाऊ दे.

पेनड्राइव्हवरच्या लेक्चरांवर त्यांचा जुना राग आहे. व्ह्यू मोजून, मुदत मोजून, शिवाय एकाच लॅपटॉपवर उघडणार. तरी एकदा चौघांनी वर्गणी काढून कॉस्टिंग घेतलंच. इअरफोन एक. दोघांनी एकेक कान लावला, दोघांनी पुढच्या व्ह्यूची वाट पाहिली, आणि तो व्ह्यू आलाच नाही.

करांची पुस्तकं हे मात्र दादांचं दुखरं ठिकाण. एक्साइज, सर्व्हिस टॅक्स आणि व्हॅटचा एक देखणा सेट त्यांनी फार स्वस्तात पटकावला होता. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि सेट रद्दीत जमा. (दादांच्या वयाचा अंदाज यावरून ज्याचा त्याने बांधावा.) मग त्यांनी सगळी भिस्त प्राप्तिकरावर ठेवली. 1961 चा कायदा, कुठे जातोय? तो 1 एप्रिल 2026 ला गेला. कलम 80सी चं कलम 123 झालं, त्या दिवशी दादा जेवले नाहीत म्हणतात.

एवढ्या चिकट माणसाने इन्स्टिट्यूटचं मोड्यूल मात्र कधी उघडलं नाही. वेबसाइटवर ते फुकट आहे, आरटीपी आणि मॉक पेपरही तिथेच. पेपर काढणारी संस्थाही तीच. पण दादांचा एकच सवाल, "कामाचं असतं तर फुकट दिलं असतं का?" त्याच मोड्यूलवरून कोणीतरी काढलेल्या नोट्सची झेरॉक्स मात्र ते घासाघीस करून आणतात.

परवा निकाल लागला. दादांना तिन्ही पेपरांत चाळीसच्या वर होते, पण ग्रुपला तीनशेपैकी दीडशे लागतात, झाले एकशे सेहेचाळीस. ज्याला त्यांनी चौकात फिरवलं होतं तो पोरगा पेढे घेऊन आला, सोबत तिथेच घेतलेला जुना सेट. दादांनी पेढा तोंडात टाकला आणि सवयीने सुरू झाले. "पास झालेल्याला याचा उपयोग शून्य. म्हणजे मी देईन तो तुझा निव्वळ नफा. बोल, किती?"

"असं काय दादा, तुमच्याकडून काय घ्यायचे? ठेवा तसाच."

पोरगा जिना उतरेपर्यंत दादा गप्प होते. मग त्यांनी सेट उलटापालटा करून पाहिला आणि शेजारच्याकडे सरकवला.

"बघ रे जरा. फुकट देऊन गेलाय, अमेंडमेंटची पानं फाडून ठेवली असणार."