सोबत काय आणावे

महाडात एप्रिल लागला की आमच्या रविवारच्या उपासनेत संदेश आखडतो आणि सूचना लांबतात. संदेश आखडायचं कारण उकाडा. पत्र्याखालच्या हॉलमध्ये, दोन पंख्यांच्या भरवशावर पौलाची पत्रं कुठवर उलगडायची, याचं भान आमच्या पाळकसाहेबांना आहे. सूचनांना मात्र ऋतू नसतो. त्या सेक्रेटरी वाचतात, आणि सेक्रेटरींची सगळी नोकरी कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेलेली. तारीख, वार, वेळ, स्थळ, सोबत काय आणावे, काय आणू नये, हे सगळं ते एकदा वाचतात आणि मग उशिरा आलेल्यांसाठी पुन्हा वाचतात. उशिरा येणाऱ्यांना हे माहीत असतं, म्हणूनच ते निवांत येतात.

उन्हाळ्याची यादी ऐकण्यासारखी असते. लहान मुलांची व्ही.बी.एस. (व्हेकेशन बायबल स्कूल), तरुण संघाचं पाचगणीचं शिबिर, भगिनी मंडळाचा मेळावा, तीन रात्रींच्या उज्जीवन सभा, एक दिवस उपवास-प्रार्थना आणि त्याच दिवशी संध्याकाळी प्रीतिभोजन. (या क्रमामुळे उपवासाला हजेरी चांगली असते.) शेवटी कुटुंब मेळावा. बाहेरच्या माणसानं ही यादी ऐकली तर त्याला वाटावं, केवढी थोरली मंडळी असेल यांची! प्रत्यक्षात बोटांवर मोजण्याएवढी घरं. बहुतेक जण एमआयडीसीतल्या कारखान्यांमागे इथं आलेले. कुणी नगरकडचं, कुणी जालन्याकडचं, एखाददुसरं मल्याळी बिऱ्हाड. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला तीन-तीन पदं येतात. भगिनी मंडळाच्या अध्यक्षा याच शब्बाथशाळेच्या शिक्षिका, आणि पेटीही त्याच वाजवतात. खजिनदार हेच वाहतूक समितीचे प्रमुख. टेम्पोच्या भाड्यासाठी ते वाहतूक समितीतर्फे खजिनदाराला रीतसर पत्र देतात आणि 'रक्कम अवाजवी वाटते' असा शेरा मारून ते स्वतःकडे परत पाठवतात. त्यांच्या घरात त्या दिवशी थोडा तणाव असतो म्हणे.

तारखा ठरवणं हे खरं काम. महाडात मोकळी तारीख मिळणं म्हणजे मे महिन्यात मोकळी एस.टी. मिळण्यासारखं आहे. शिमग्याच्या पालख्या घरोघर फिरून होतात न होतात तोच 20 मार्चला चवदार तळ्यावर सगळ्या महाराष्ट्रातून माणसं लोटतात. मग लग्नं. मग मुंबईचे चाकरमानी येतात आणि वाडीवाडीत सत्यनारायण, नमन आणि टेनिस बॉल क्रिकेट सुरू होतं. फायनलची कॉमेंट्री रात्री इतकी लांबवर ऐकू येते, की उज्जीवन सभेतला वक्ता पश्चात्तापाचं आवाहन करत असताना मागून 'आणि हा चेंडू सीमारेषेपार!' असं आलेलं आहे. 6 जूनला रायगडावर राज्याभिषेकाचा सोहळा असतो, त्या आठवड्यात गाडीचं नाव काढायचं नाही. आणि त्यानंतर पाऊस. सावित्री आणि गांधारी एकदा भरायला लागल्या की मेळावा भरवायचा विचार महाडकर करत नाही. तो सामान माळ्यावर चढवायचा विचार करतो.

तसं पाहिलं तर उन्हाळी शिबिर हा प्रकार या भागाला नवा नाही. फक्त आम्ही त्याच्या वाटेवर होतो, शिबिरात नव्हतो. एकोणिसाव्या शतकात गव्हर्नर माल्कमच्या काळात महाबळेश्वर थंड हवेचं ठिकाण म्हणून वसू लागलं, आणि मुंबईच्या साहेबलोकांची एक वाट सावित्रीवरून जाऊ लागली. बोटीनं बाणकोट, तिथून खाडीनं वर दासगाव नाहीतर महाड, मग पोलादपूर आणि घाट. आज आपण आंबेनळी म्हणतो त्या घाटाला पुढे फिट्झजेराल्डसाहेबाचं नाव मिळालं. अमेरिकन मराठी मिशनची माणसंही महाबळेश्वरी हवापालटाला जात. म्हणजे मैदानात कुणी मिशनरी उन्हातान्हात धर्म सांगून दमला, की डोंगरावर जाऊन दम खाई. आमच्या सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटला, स्कॉटलंडचे मिशनरी 1823 सालीच येऊन राहिले होते. पुढे त्यांनी हर्णैला आणि नंतर पुण्याला मुक्काम हलवला. महाडला कुणी मुक्काम केल्याचं दिसत नाही. मला त्यांचा राग येत नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता बाजारपेठेत उभं राहून बघा.

पण एक सांगायला हवं. परिषद भरवताना काय काय लागतं आणि काय काय अडवलं जातं, हे या गावाइतकं दुसऱ्या कुठल्या गावाला ठाऊक नसेल. 1927 च्या मार्चमध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या वेळी भरलेल्या परिषदेला पिण्याचं पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावं लागलं होतं, आणि तेही तळ्याच्या गावात. डिसेंबरच्या परिषदेला मांडवासाठी जागा कुणी देईना. ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं. बाबासाहेब आंबेडकर आणि प्रतिनिधी मुंबईहून 'पद्मावती' बोटीनं दासगाव बंदरात उतरले, म्हणजे साहेबलोकांच्या हवापालटाच्याच वाटेनं, आणि तिथून महाडला आले. ती तारीख 25 डिसेंबर. आमच्या नाताळाच्या दिवशी महाडात जी गर्दी लोटते ती आमची नसते, तरी आम्ही नवे कपडे घालून तिच्यातून वाट काढत हॉलवर जातो. एकदा बाहेरगावाहून आलेल्या एका आजोबांनी आमच्या मुलांचे कपडे बघून विचारलं, "कार्यक्रमात नाच आहे का तुमचा?" मुलांनी खरं ते सांगितलं, "आहे, पण दुसऱ्या कार्यक्रमात."

व्ही.बी.एस.चा उगमही जागेच्या अडचणीतच झालेला आहे. 1898 साली न्यूयॉर्कमध्ये हॉज नावाच्या एका बाईंनी गरीब वस्तीतली पोरं सुट्टीत रस्त्यावर हुंदडतात म्हणून त्यांच्यासाठी रोजची शाळा काढली. जागा मिळेना, तेव्हा त्यांनी बिअर विकणारा एक हॉल भाड्यानं घेतला. ही हकिगत मी एका बैठकीत सांगितली, कारण आमच्या हॉलचं पत्र्याचं काम निघालं होतं आणि मुलांना कुठं बसवावं हा प्रश्न होता. बैठकीत काही वेळ कुणी बोललं नाही. मग अध्यक्षाबाई म्हणाल्या, "भाऊ, इतिहास ठीक आहे, पण तुम्ही पर्यायी जागा सुचवू नका."

आमच्या व्ही.बी.एस.ला आमची मुलं कमी आणि शेजारची जास्त असतात. आयांचा हिशेब सरळ असतो. सकाळी नऊ ते बारा पोरगं घरात नाही, वर सरबत, बिस्कीट, रंगीत कागद आणि शेवटच्या दिवशी बक्षीस. हातवारे करून म्हणायची गाणी तर ती इतकी जोरात म्हणतात, की आमची मुलं त्यांच्याकडून शिकतात. पाठांतराच्या वचनाचं पहिलं बक्षीस गेल्या खेपेला ज्या मुलानं पटकावलं, त्याला शाळेत गीताईचंही बक्षीस मिळालेलं होतं. त्याच्या आजीला दोन्ही सारखीच मोलाची. तिनं दोन्ही ढाली शोकेसमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.

तरुण संघाचं शिबिर मात्र वेगळं. पोलादपूर सोडलं, घाट लागला, की गाडीत पहिली उलटी होते आणि शिबिराला सुरुवात झाली असं समजतात. वाटेत पळसाच्या द्रोणात करवंदं विकणाऱ्या बाया उभ्या असतात. पोटात कालवत असलेली मुलंसुद्धा ती घेतात. प्रतापगडाचा फाटा मागे पडला की खिडकीतून गार वारा येतो आणि आईनं बळेच कोंबलेला स्वेटर पिशवीत आहे हे कुणालातरी आठवतं.

पाचगणीला पहिल्या संध्याकाळी हजेरी होते, ती मी एकदा मदतनीस म्हणून गेलो तेव्हा मागं बसून ऐकली. नगर, सातारा, पुणे, सोलापूर अशी सगळीकडची मुलं. "गायकवाड!" म्हटल्यावर निम्मी रांग उठली. कदम, साळवे, भोसले, वाघमारे, सगळे दोन-दोन तीन-तीन. आमची एक मुलगी आहे, कदमांची, नववीतली. महाडात ती वर्गात एकटीच. दर वर्षी नवे सर येतात आणि विचारतात, "ख्रिश्चन? आणि आडनाव कदम? ते कसं काय?" मग ती उभी राहून खुलासा करते. घरी मराठीच बोलता का, दिवाळीत तुम्ही काय करता, डब्यात केक असतो का. तिचं उत्तर आता इतकं पाठ झालंय की पाठांतराच्या वचनाला मागं टाकेल. त्या संध्याकाळी हजेरी घेणाऱ्या ताईंनी फक्त एवढंच विचारलं, "कदम कुठली? महाडची की साताऱ्याची?" ती म्हणाली, "महाडची," आणि खाली बसली. खुलासा मागितलाच नाही कुणी. ती दोनदा वळून बघत होती, आपलं काही राहिलं का म्हणून.

शिबिरात कुठलं प्रवचन झालं, मुलांना कोणते धडे मिळाले, ते सेक्रेटरींच्या अहवालात आहेच. मला विचाराल तर हजेरीची ती दहा मिनिटं एवढ्या खर्चाला पुरेशी आहेत. खजिनदारांना हे पटत नाही.

रात्री शेकोटीपाशी वाद होतो तो गाण्यांवरून. मोठ्यांना 'उपासना संगीत' हवं, पेटी-टाळांवर. मुलांना गिटार हवी आणि हिंदी गाणी हवीत. खरं तर टाळ-मृदंगाची बाजू आमच्याकडे भक्कम आहे. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, आणि नारायण वामन टिळकांनी तर भजनाची सगळी चाल आमच्या मंडळ्यांत रुजवली. टिळक मूळचे इकडचेच, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. ते फिरत फिरत नगरला पोचले. त्यांची पदं आमच्यासारख्यांच्या बाडबिस्तऱ्यातून परत कोकणात आली, तीही कारखान्याच्या नोकरीच्या निमित्तानं. हे मी शेकोटीपाशी सांगितलं. गिटारवाला मुलगा आदरानं ऐकत होता. ऐकता ऐकता तारा जुळवत होता.

शिबिरांपेक्षा कुटुंब मेळावा खर्चीक, कारण त्याला जेवण. आणि जेवण म्हणजे पातेलं. घरची भांडी पुरत नाहीत, मांडववाल्याची लग्नात अडकलेली, म्हणून यंदा पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीतून आणलं. खजिनदारांच्या कारखान्यातल्या एका सोबत्याची ती वाडी. तीन माणसांनी उचलावं असं पितळी पातेलं, आणि पोटावर ठोकून काढलेल्या ठिपक्यांची अक्षरं: ग्रामस्थ मंडळ, मुंबई, आणि खाली कुणाच्यातरी स्मरणार्थ. त्यात आमचं मटण शिजेल का, हा प्रश्न बैठकीत आला. ज्यांचं पातेलं त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "नाय बाबा, ते सप्त्याचं हाय." मग भात त्यात आणि मटण दुसरीकडून आणलेल्या ॲल्युमिनियमच्या टोपात, असं ठरलं. भात इतका सुरेख झाला, की मटणाला कुणी फारसं नावाजलं नाही. भगिनी मंडळानं हे मनावर घेतलं आहे.

पातेलं दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत परत हवं होतं, कारण वाडीवर हरिनाम सप्ताह बसायचा होता. ते लख्ख घासलं. मग अध्यक्षाबाई म्हणाल्या, रिकामं भांडं कुणाच्या घरी परत देऊ नये. हे सगळ्यांना मान्य. पण एवढ्या पातेल्यात घालायचं काय? वाटीत चार लाडू घालून देणं निराळं. खजिनदारांनी एक नारळ सुचवला; पातेल्याच्या तळाशी तो एकटा फारच दीनवाणा दिसला. शेवटी गुळाची एक ढेप आणि अर्धं पोतं तांदूळ असं ठरलं, आणि त्या खर्चाचं पत्र खजिनदारांनी शेरा न मारता मंजूर केलं.

आम्ही तिघं-चौघं टेम्पोत पातेल्याला धरून बसलो. गिटारवालाही आला होता, उचलायला. वाडीवर मांडव घालून झाला होता, मुंबईहून आलेली मुलं दोरीला पताका बांधत होती आणि देवळाच्या ओसरीवर बारा-तेरा वर्षांची पोरं रांगेत बसून मृदंगावर हात बसवत होती. मे महिन्यात त्यांचंही शिबिर असतं: हरिपाठ, पखवाज, पावली. सोबत्याच्या आजीनं तांदूळ बघितले, म्हणाली, "ह्ये कशाला," आणि आत नेले. मग चहा. चहा होईस्तोवर गिटारवाला ओसरीवर जाऊन बसला होता आणि एका लहानग्याकडून डाव्या अंगाला कणीक कशी लावतात ते समजून घेत होता.

"शिकायचाय का रं तुला?" आजीनं विचारलं. "धाडा की त्याला आठ दिवस," हे आम्हाला. "र्‍हाणं-जेवण हितंच. पर पाटंचं चारला उठाय लागंल."

पाचगणीला सहाच्या घंटेला उठवताना त्याच्या अंगावरचं पांघरूण दोघांनी ओढावं लागतं. चार ऐकून त्यानं माझ्याकडं बघितलं, मग मृदंगाकडं. टेम्पोत बसताना त्यानं विचारलं, सोबत काय काय आणायचं असतं.