आल्प दुएझच्या घाटातील माननीय खंडपीठास

प्रति,
मा. खंडपीठ (रस्त्याच्या कडेचे),
आल्प दुएझचा घाट, वळण क्र. २१ ते १,
फ्रान्स.

विषय : सायकलपटू श्री. क्रिस फ्रूम यांचे दप्तरी दाखल झालेले प्रकरण आपण फेरसुनावणीस घेतल्याबद्दल अभिनंदन.

महोदय,

सा. न. वि. वि.

१९ जुलै २०१८ रोजी, टूर द फ्रान्सच्या बाराव्या टप्प्यात, आपण जो निकाल दिलात त्याची न्यायशास्त्राच्या इतिहासात अद्याप नोंद झालेली नाही. ती उणीव भरून काढावी म्हणून हे पत्र. ज्या प्रकरणावर शास्त्रज्ञ, वकील आणि दोन आंतरराष्ट्रीय संस्था तब्बल नऊ महिने डोके खाजवत बसल्या होत्या, ते आपण दोन-तीन सेकंदांत निकाली काढलेत. चढ १३.८ किलोमीटरचा, सरासरी ८.१ टक्क्यांचा. जगातला उत्तमातला उत्तम सायकलपटूही तेथे ताशी वीसेक किलोमीटरनेच जातो. म्हणजे आरोपी आपल्यासमोरून जाण्यास जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आरोप वाचला गेला, युक्तिवाद संपला, हुर्यो उडवून शिक्षा सुनावली गेली आणि तिची अंमलबजावणीही झाली. आपल्या एका सन्माननीय सदस्यांनी तर आरोपीच्या खांद्यावर थापड मारून निकालाची प्रत जागेवरच दिली. आमच्याकडे आजोबा दिवाणी दावा लावतात आणि तारखेला नातू हजर राहतो. आपला आदर्श आम्ही कधी घेणार?

दप्तरासाठी प्रकरणाची हकीकत थोडक्यात नमूद करतो. आपल्याला तिची गरज पडली नव्हती, पण दप्तराला लागते. ७ सप्टेंबर २०१७ रोजी स्पेनमधल्या व्हुएल्टा शर्यतीच्या अठराव्या टप्प्यानंतर फ्रूमच्या लघवीच्या नमुन्यात सॅल्ब्युटॅमॉल सापडले, मिलिलिटरला २००० नॅनोग्रॅम. मर्यादा १००० ची. सॅल्ब्युटॅमॉल म्हणजे कुठले गुप्त रसायन नव्हे. दमेकऱ्याच्या खिशात असतो तो पंप, आमच्याकडे घरोघरी ‘अस्थालिन’ या नावाने ओळखला जाणारा. तो ओढायला बंदी नाही. चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत परवानगी आहे. त्यामुळे ‘घेतले का?’ हा प्रश्न मुळात नव्हताच. ते फ्रूम स्वतःच सांगत होता, त्याचा दमा जगजाहीर होता. प्रश्न ‘किती घेतले?’ एवढाच होता, आणि त्याचे उत्तर शोधायचे होते लघवीच्या एका बाटलीतून, तेही घाट चढून घामाने शरीर आटलेले असताना. पाणी कमी झाल्याचा हिशेब धरल्यावर २००० चा आकडा १४२९ वर आला. दोषी धरण्याची सीमा १२०० होती. म्हणजे तरीही वरच. पुढे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने, असे मत दिले की आजारपण, थोड्या दिवसांत वाढवलेला डोस, इतर औषधे आणि त्याच शर्यतीतल्या बाकीच्या नमुन्यांतली चढउतार पाहता हा आकडा परवानगीच्या मर्यादेत पंप ओढूनही येऊ शकतो. २ जुलै २०१८ रोजी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने प्रकरण बंद केले.

टूर सुरू व्हायला पाच दिवस उरले होते. आदल्याच दिवशी, आयोजक त्याला शर्यतीत घ्यायला तयार नाहीत, अशी बातमी येऊन धडकली होती. पाच वेळा टूर जिंकलेले बर्नार इनो तर फ्रूम उतरला तर बाकीच्यांनी संप करावा, असा सल्ला देऊन बसले होते. अशा मुहूर्तावर मिळालेली क्लीन चिट धुतल्या कपड्यासारखी दिसणार तरी कशी? आपण लगेच ओळखलेत. ला रोश-सुर-यों येथे संघांच्या ओळखपरेडीतच हुर्यो उडवून आपण प्राथमिक आदेश दिलात. फ्रूमने मधल्या काळात ‘ल मोंद’मध्ये फ्रेंच लोकांना उद्देशून आपली बाजू मांडली. हे तेच वृत्तपत्र, ज्याने डिसेंबरमध्ये लंडनच्या ‘गार्डियन’च्या जोडीने त्याचा नमुना चव्हाट्यावर आणला होता. आपण तो मजकूर वाचला असेल असे वाटत नाही. वाचून मत बनवणारे खंडपीठ बिघडते, हे आपण जाणता.

आता एक गोष्ट गांभीर्याने मान्य करतो, कारण निव्वळ खुशामतीचे पत्र आपल्याला आवडणार नाही. संशय घ्यायला आपल्याकडे कारण होते. इटलीच्या आलेस्सांद्रो पेताकी यांचा २००७ च्या जिरो शर्यतीतला आकडा १३५२ होता. त्यांनी हेतुपुरस्सर फसवणूक केली असे क्रीडा लवादानेही म्हटले नाही, तरी त्यांना वर्षभराची बंदी झाली. दिएगो उलिस्सी यांचा २०१४ चा आकडा १९०० होता. त्यांना प्रयोगशाळेत पंप ओढून दाखवावा लागला, ते जमले नाही आणि नऊ महिने घरी बसावे लागले. फ्रूमचा आकडा या दोघांहून मोठा आणि प्रयोगशाळेतली ती परीक्षा मात्र माफ, कारण शर्यतीतली तेव्हाची परिस्थिती पुन्हा उभी करता येणार नाही, असे वाडाला पटले. कदाचित ते खरेच असेल. पण मग पेताकी आणि उलिस्सी यांची परिस्थिती कोणी उभी करून दिली होती? यावर संघटनेने एक निवेदन काढले आणि फाईल कपाटात ठेवली. निर्दोष ठरवायचे आणि कारणांना कुलूप घालायचे, ही पद्धत ज्याने शोधली तोच आपल्या खंडपीठाचा खरा संस्थापक. त्याचा पुतळा पहिल्या वळणावर बसवावा.

शिवाय फ्रूमचा संघ होता स्काय. त्या संघासाठी २०११ मध्ये मँचेस्टरहून फ्रान्समध्ये एक पाकीट गेले होते. आत काय होते? संघाचे उत्तर : फ्लुइम्युसिल, म्हणजे कफ पातळ करण्याचे औषध, फ्रान्समधल्या औषधाच्या दुकानात सहज मिळणारे. त्यासाठी देश ओलांडून माणूस पाठवला. नोंद? नाही. डॉक्टरांचा लॅपटॉप? ग्रीसमध्ये सुटीवर असताना चोरीला गेला. ब्रिटनच्या उत्तेजकविरोधी संस्थेने नोव्हेंबर २०१७ मध्ये हात टेकले : पाकिटात काय होते हे सिद्धही करता येत नाही, खोडूनही काढता येत नाही. चौकशी बंद. पुढच्याच महिन्यात फ्रूमचे प्रकरण फुटले. एका संघाभोवती बंद झालेल्या फायलींची अशी रांग लागली की साध्या खोकल्याच्या बाटलीकडेही माणूस डोळे बारीक करून पाहतो. एवढे मी आपल्या बाजूने बोललो. आता पुढचे ऐका.

आपल्या खंडपीठाची सारी प्रतिष्ठा ज्या एका निवाड्यावर उभी आहे, तो सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचा. २००४ साली याच घाटात एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चढायची शर्यत झाली तेव्हा आपल्यातल्या काहींनी त्याच्यावर थुंकण्याचा मान मिळवला होता. पुढे तो खरोखरच दोषी निघाला. कावळा बसला आणि फांदी मोडली. तेव्हापासून आपण थुंकीला साक्षीपुराव्याचा दर्जा दिलात. मात्र आपल्याच अमेरिकेतील शाखेचा निकाल आपण सोयीने विसरता. ३ फेब्रुवारी २०१२, शुक्रवार. रविवारी सुपर बोलचा सामना असल्याने देशाचे लक्ष भलतीकडे. लॉस एंजलिसचे सरकारी वकील आंद्रे बिरोट यांनी आर्मस्ट्राँगवरची जवळपास दोन वर्षे चाललेली फौजदारी चौकशी बंद केल्याचे जाहीर केले. कारण दिले नाही. आणि हातात आर्मस्ट्राँगच्या संस्थेच्या पिवळ्या रबरी पट्ट्या घातलेल्या त्या शाखेने जल्लोष केला : बघा, सरकारलाही काही सापडले नाही, आता तरी त्या माणसाला सुखाने जगू द्या! सरकारने ‘काही सापडले नाही’ असे म्हटलेच नव्हते, ‘पुढे जात नाही’ एवढेच म्हटले होते. पण हा फरक जल्लोषात ऐकू येत नाही. आठ महिन्यांत अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेचा हजारांवर पानांचा अहवाल आला. सव्वीस जणांच्या साक्षी, त्यांत अकरा जुने सहकारी. २२ ऑक्टोबरला त्याची टूरची सातही विजेतेपदे गेली, जानेवारीत ओप्रा विन्फ्रीसमोर कबुली झाली. आपल्या घाटाच्या पायथ्याशी, २१ व्या वळणाच्या पाटीवर, जुने विजेते फाउस्टो कॉप्पींच्या सोबतीला त्याचे नाव २००१ च्या विजयासाठी लागले होते. तो विजयही निकालातून पुसला गेला.

तेव्हा माझा विनम्र प्रश्न असा. २०१२ ची फाईल बंद झाली तेव्हा प्रेक्षक म्हणाले, बंद झाली म्हणजे निर्दोष. २०१८ ची बंद झाली तेव्हा प्रेक्षक म्हणाले, बंद झाली म्हणजे दोषी. फाईल दोन्ही वेळा न वाचलेली. मग हे दोन निकाल कोणत्या कलमाखाली लागले? मला तरी वाटते की आपण २०१८ मध्ये फ्रूमचा खटला चालवतच नव्हता. आपण आर्मस्ट्राँगवर पूर्वी उधळलेल्या टाळ्यांची वसुली करत होता, आणि वसुलीला जो पहिला टूरविजेता सापडला त्याच्याकडून ती केलीत. कर्जदार वेगळा आहे, हे आपल्याला कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी घाटात इतका गोंगाट होता की ऐकू आले नसते.

अंमलबजावणीच्या बाबतीत मात्र आपला हात कोणी धरणार नाही. २०१५ साली फ्रूमच्या अंगावर ‘डोपे’ (उत्तेजक घेणारा) अशा आरोळीसह लघवीचा पेला फेकला गेला होता. जगभर खेळाडू तपासणीसाठी नमुना देतो. आपल्या व्यवस्थेत नमुना तपासणीसच खेळाडूला देतो. त्या लघवीत सॅल्ब्युटॅमॉल किती होते, हे कोणी मोजले नाही, ही चौकशी मात्र मला खरोखर अपुरी वाटते. आल्प दुएझला तर आपण सगळ्या प्रथा मागे टाकल्यात. आग असल्याशिवाय धूर निघत नाही, असे आपले जुने प्रमेय. त्या दिवशी धूर आपल्याच हातातल्या नळकांड्यांचा होता. त्या धुरात, पोलिसांच्या मोटारसायकली आणि आत घुसलेली गर्दी यांच्या कोंडीत, एका प्रेक्षकाच्या कॅमेऱ्याचा पट्टा अडकून विन्चेन्झो निबाली पडले. २०१४ चे विजेते. पंपाशी, पाकिटाशी, फायलीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. उठून त्यांनी टप्पा पुरा केला, मग तपासणीत मणक्याचे हाड मोडल्याचे निघाले आणि त्यांना घरी जावे लागले. शिक्षा झालीच पाहिजे, कोणाला हा तपशील, हे तत्त्व इतक्या स्वच्छपणे कुठल्याच न्यायालयाने राबवलेले नाही. टप्पा जिंकला तो फ्रूमच्याच संघातल्या गेरेंट थॉमसने, आणि मंचावर त्याचीही हुर्यो उडवून आपण सहआरोपीची यादी पूर्ण केलीत.

सरकारी यंत्रणेनेही आपला कित्ता गिरवला, ही अभिमानाची बाब आहे. सोळाव्या टप्प्यात अनुदानासाठी रस्ता अडवणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी फवारा मारला आणि तो सायकलपटूंच्या डोळ्यांत गेला. भर शर्यतीत आघाडीवीराच्या पिवळ्या जर्सीतला थॉमस डोळ्यांत औषध घालत उभा होता. सतराव्या टप्प्यानंतर कोल द पोर्तेवरून संघाच्या गाडीकडे सायकलने उतरणाऱ्या फ्रूमला एका पोलिसाने प्रेक्षक समजून धरले आणि तो पडला. अंगात साधे जाकीट होते, ओळखणार कसे? त्या एका क्षणापुरता फ्रूम आपल्या खंडपीठाचा सदस्य समजला गेला, आणि रस्त्याच्या कडेच्या माणसाला कशी वागणूक मिळते याचा त्याला अनुभव आला.

शर्यत थॉमसने जिंकली, फ्रूम तिसरा आला. आपला निकाल कायम आहे की रद्द झाला, याची प्रत अद्याप कुठेच उपलब्ध नाही. ती मिळावी, सोबत आपण ज्या पुराव्यांचा विचार केला त्यांची यादी जोडावी, आणि सायकलिंग संघटनेकडे जो पूर्ण अहवाल आपण मागायला हवा होता त्यासाठी लिहिलेल्या अर्जाची पोच असल्यास तीही जोडावी, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दूरचित्रवाणीसमोर बसलेला एक नाममात्र सदस्य

ता. क. : १२ जून २०१९ रोजी फ्रान्समध्ये रोआनजवळ सराव करताना फ्रूम भिंतीवर आदळला आणि मांडीच्या हाडासकट बरेच काही मोडले. दुसऱ्याच दिवशी, तो रुग्णालयात असताना, संघटनेने जाहीर केले की २०११ च्या व्हुएल्टाचा विजेता हुआन होसे कोबो जैविक पासपोर्टच्या नोंदींवरून दोषी ठरला आहे. अवघ्या तेरा सेकंदांनी दुसरा आलेला फ्रूम त्यामुळे आठ वर्षांनी त्या शर्यतीचा विजेता ठरला. ही फाईल बंद झाली नव्हती, फक्त हळू चालत होती. कोबोने ती शर्यत हातात घेतली होती स्पेनमधल्या आंगलिरूच्या घाटात, तेथील खंडपीठाच्या टाळ्यांच्या कडकडाटात. त्या टाळ्या परत घेतल्याचा आदेश निघाला असल्यास त्याचीही एक प्रत पाठवावी.